कळलं नाही, सर

शिक्षकाच्या तोंडी दिवसातून सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगेन – "कळलं का?" पस्तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटलं असेल, देव जाणे! आणि त्यावर वर्गाचं उत्तरही ठरलेलं. "होऽऽ बाई!" तेही एका सुरात. त्या 'हो'मध्ये खरं 'हो' किती आणि 'बाई, आता पुरे, मधली सुट्टी होऊ दे' किती, हे ओळखायला शिकण्यातच नोकरीची पहिली दहा वर्षं जातात.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझ्या भाच्याची लेक. भाचा १९९३ साली पुण्याहून गणितात एम. एस्सी. करून पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेला आणि तिकडचाच झाला. लेक तिकडेच जन्मली, वाढली. आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या डिसेंबरात सगळे महिनाभर आले होते, त्यातले आठ दिवस साताऱ्याला माझ्याकडे. मला ती 'मावशीआजी' म्हणते. मराठी छान बोलते, फक्त 'ळ' आला की थोडी अडखळते.

तर एका संध्याकाळी ती फोन घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. त्यात एक पत्र होतं. तिच्या वर्गातल्या काही मुलांनी मिळून लिहिलेलं, विभागप्रमुखांना द्यायचं. त्यांना संख्याशास्त्र शिकवणारे प्रोफेसर कोरियाचे आहेत. त्यांचे उच्चार कळत नाहीत, त्यामुळे आमचं नुकसान होतं, तरी जानेवारीपासूनच्या सत्राला आम्हाला दुसरे प्रोफेसर द्यावेत, असा मजकूर. खाली सह्या. हिची सही व्हायची होती.

"मावशीआजी, सही करू का?"

मी म्हटलं, "बाबांना विचारलंस का?"

तर म्हणाली, "बाबा काहीच बोलत नाही. उठून बाहेर गेला."

भाचा उठून बाहेर का गेला, ते मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. पण ते नंतर सांगते.

आधी तिची बाजू सांगितली पाहिजे, कारण ती अजिबात पोरकट नव्हती. ती म्हणाली, "फी बाबा भरतो, थोडं लोन माझ्या नावावर आहे. एका तासाला साठ मुलं असतात. सर भरभर बोलतात. मी एक शब्द शोधत बसते तोवर ते तीन वाक्यं पुढे गेलेले असतात. सर वाईट आहेत असं मी म्हणतच नाही. पण मला समजलंच नाही तर मी काय करू?" यात खोट काय काढणार? विद्यार्थ्याला समजणं हेच तर शिकवण्याचं कारण. ते होत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

तिकडे हे दुखणं जुनं आहे. मोठ्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या वर्गात शेकड्यांनी मुलं असतात. प्रोफेसर मोठ्या हॉलमध्ये व्याख्यान देतात आणि मग पंचवीस-तीस मुलांच्या गटांना उदाहरणं समजावून सांगण्याचं काम पीएच. डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांकडे असतं. त्यांना टी. ए. म्हणतात. त्या बदल्यात त्यांची फी माफ होते आणि महिन्याला थोडे पैसे मिळतात. गणित, विज्ञान, इंजिनिअरिंग या विषयांत पीएच. डी.ला येणारी मुलं पुष्कळशी चीन, भारत, कोरिया अशा देशांतली. म्हणजे अठरा वर्षांचा अमेरिकन मुलगा घरून पहिल्यांदा बाहेर पडतो, विषय आधीच अवघड, आणि समोर बोलणाऱ्याचे उच्चार त्याने जन्मात ऐकलेले नसतात. तक्रारी सुरू झाल्या. आईवडिलांनी आपल्या आमदारांना पत्रं लिहिली. १९८३ साली फ्लोरिडा राज्याने विद्यापीठात शिकवणाऱ्यांना इंग्रजी नीट बोलता आलं पाहिजे असा कायदा केला. त्यानंतर एकेक करत बऱ्याच राज्यांनी केला. १९९० साली पेनसिल्व्हेनियाने केला. २००५ साली नॉर्थ डकोटा राज्यात बेट्टी ग्रँडे नावाच्या लोकप्रतिनिधी बाईंनी एक विधेयक मांडलं. त्याच्या मूळ मसुद्यात असं होतं, की वर्गातल्या दहा टक्के मुलांनी तक्रार केली तर त्या शिक्षकाला शिकवण्याच्या कामावरून हलवावं. पुढे तो मसुदा पुष्कळ सौम्य करण्यात आला. पण विचार करा, तीस मुलांच्या वर्गात तीन मुलं! माझ्या नोकरीत हा नियम असता तर मी पहिल्या चाचणी परीक्षेनंतरच घरी बसले असते.

आता भाच्याची गोष्ट. १९९४ साली तो असाच टी. ए. होता. कॅल्क्युलसच्या दोन गटांना शिकवायचा. पोरगा गणितात हुशार, शाळेपासून इंग्रजीत पहिला, पुण्यात वर्गमित्रांना शिकवायचा. सत्र संपलं की तिकडे मुलं शिक्षकाबद्दल नाव न लिहिता अभिप्राय देतात. पहिल्या सत्राचे अभिप्राय हातात पडले आणि त्याने मला एरोग्रामवर पत्र लिहिलं. आईला लिहिलं नाही, मला लिहिलं. मी शिक्षिका म्हणून. एका मुलाने लिहिलं होतं, 'याला आधी इंग्रजी शिकवा.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'माणूस चांगला आहे, पण काय बोलतो ते त्यालाच माहीत.' पत्राच्या शेवटी भाच्याने विचारलं होतं, "मावशी, मला येतं ते मी सांगू शकत नसेन, तर मला ते येतं असं म्हणायचं का?" ते पत्र माझ्याकडे अजून आहे.

विद्यापीठाने त्याला उच्चाराच्या वर्गाला घातलं. तिथल्या बाईंनी तोंडासमोर कागदाचा कपटा धरायला लावला. 'पेन' म्हणताना कागद हलला पाहिजे! आपण मराठी माणसं 'पेन'मधला प साधा म्हणतो, त्यात हवेचा झोत नसतो. अमेरिकन कानाला तो 'बेन' वाटू शकतो. आपल्याला एकच व, त्यांचे दोन. एक वरचे दात खालच्या ओठाला टेकवून म्हणायचा, दुसरा ओठांचा चंबू करून. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आघात. आपण शब्दातल्या प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखाच मान देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर देऊन बाकीची गिळायची असतात. ऐकणारा त्या जोराच्या अक्षराला धरून शब्द ओळखतो. ते जागेवर सापडलं नाही की त्याला शब्दच सापडत नाही. त्या बाईंनी दोन हातांत रबरबँड दिलं होतं. जोराचं अक्षर आलं की ताणायचं, बाकी वेळी सैल सोडायचं. भाचा रात्री खोलीत बसून रबरबँड ताणत शब्द म्हणायचा. त्याचा खोलीतला सोबती तमिळ. त्याच्याही हातात रबरबँड!

पण खरी गंमत उच्चारात नव्हतीच. ती भाच्याला दुसऱ्या सत्रात कळली. आपण 'टू इंटू सिक्स' म्हणतो तेव्हा आपल्या मनात बारा असतात. आपल्याकडे इंटू म्हणजे गुणिले. अमेरिकन मुलगा 'टू इंटू सिक्स' ऐकतो तेव्हा तो सहाला दोनाने भागतो. त्याचं उत्तर तीन! आपण 'ए अपॉन बी' म्हणतो, ते 'ए ओव्हर बी' म्हणतात. आपला 'झेड' त्यांचा 'झी'. आपला साधा कंस, म्हणजे ब्रॅकेट, त्यांच्याकडे 'पॅरेन्थेसिस'. हे काही उच्चारातले दोष नव्हेत. हे आपल्या शाळेतलं इंग्रजी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, आपल्या जागी बरोबर. पण मुलांना कळत नव्हतं ते यामुळे, आणि सगळी तक्रार जात होती ती उच्चाराच्या नावावर. त्याने हे सात-आठ शब्द बदलले, फळ्यावर जास्त लिहायला लागला आणि अभिप्राय सुधारले. उच्चार मात्र पुष्कळसे तसेच राहिले. आजही तो 'व्ह'ला 'व' म्हणतो.

आपली लेक कुणा दुसऱ्याबद्दल तेच पत्र घेऊन उभी आहे हे पाहून तो उठून बाहेर गेला, यात नवल नाही. लेकीला हे कधी सांगितलंही नव्हतं त्याने. माणसं स्वतःचे असले घाव मुलांना दाखवत नाहीत.

मी तिला हो-नाही काही सांगितलं नाही. म्हटलं, "आधी मला तुझ्या सरांचं ऐकव." तिच्या लॅपटॉपवर तासांची रेकॉर्डिंग होती. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, संख्याशास्त्राशी माझा संबंध वर्गाच्या हजेरीची सरासरी काढण्यापुरता. पण सांगते काय, पाच मिनिटांत मला त्यांचं बोलणं तिच्यापेक्षा बरं कळायला लागलं! विषय नाही, बोलणं. ते प्रत्येक अक्षर सुटं सुटं, सारख्या वजनाने म्हणत होते, आपल्यासारखंच. 'झीरो'ला ते 'जिरो' म्हणाले. मी म्हटलं, "अगं, हे तर आमच्या माणमधली पोरं म्हणायची तसंच!" ती हसायला लागली. उलट मध्येच एका अमेरिकन मुलाने प्रश्न विचारला, तो मला एक अक्षर कळला नाही.

मग एका जागी ती म्हणाली, "हे बघ, इथे मी हरवले." सर फाशांचं उदाहरण सांगत होते. तिला ऐकू आलं 'पेअर', म्हणजे फाशांची जोडी. सर म्हणत होते 'फेअर', म्हणजे ज्यात काही लबाडी नाही असा एक फासा. कोरियन भाषेत फ हा इंग्रजी उच्चार नाहीच, तिथे तो प होतो. एक फासा आणि दोन फासे यांत उत्तर किती बदलतं ते तुम्हीच बघा. एका फाशावर सहा पडण्याची शक्यता सहात एक. दोन्ही फाशांवर सहा पडण्याची छत्तिसात एक. पोरगी अर्धा तास चुकीचं उदाहरण सोडवत बसली होती. गंमत म्हणजे पडद्याखाली यंत्राने आपोआप उमटवलेली अक्षरंसुद्धा 'पेअर'च म्हणत होती. यंत्राचेही कान शेवटी कुणीतरी तयार केलेलेच.

मी तिला माझी गोष्ट सांगितली. मी मूळची देवगडकडची. १९७३ साली पहिली नेमणूक झाली ती सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. आमच्याकडे चार महिने पाऊस, तिथे पाऊस बघायला आभाळाकडे डोळे लावायचे. आणि माझ्या बोलण्याला कोकणी हेल. तिसऱ्या दिवशी सहावीतल्या एका पोराने उभं राहून अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "बाई, तुमी बोलताय का गानं म्हंताय?" वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाऊन रडले, हेही खरं. त्या मुलांचं बोलणंही मला सुरुवातीला धड कळत नसे. त्यांच्या तोंडात ण नव्हता. मी शुद्धलेखनात 'कोण' सांगावं आणि वहीत 'कोन' यावा. माझ्याकडे पाचवीची भूमितीही होती. "हा कोन कोण सांगेल?" असं मी विचारलं की मागून उत्तर यायचं, "कोन कोन सांगनार, म्याच सांगतो!" आणि तो बरोबर सांगायचा. पंधरा दिवसांत माझे कान त्यांना सरावले, त्यांचे मला. कुणीच कुणाला बदलून मागितलं नाही. कारण बदलून मिळणारच नव्हतं. गावात एस. टी. दिवसातून दोनदा यायची, दुसऱ्या बाई कुठून येणार!

कान सरावतात ही माझी एकटीची समजूत नव्हे. भाच्याने त्या दिवसांत मला याबद्दलचं पुष्कळ वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत त्याने या विषयावर बरंच गोळा केलं आहे. २००४ साली क्लार्क आणि गॅरेट या दोन अमेरिकन संशोधकांनी दाखवलं, की परकी धाटणी ऐकताना माणूस सुरुवातीला अडखळतो, पण साधारण मिनिटभर ऐकल्यावर त्याचा वेग बराच सावरतो. मिनिटभर! अर्थात ती सोपी, सुटी वाक्यं होती. संख्याशास्त्राचं तासाभराचं व्याख्यान नव्हतं. त्याआधी १९९५ साली कॅनडातल्या मन्रो आणि डर्विंग यांनी दाखवलं होतं, की एखाद्याची धाटणी ऐकणाऱ्याला खूप परकी वाटली तरी त्याचे शब्द मात्र पूर्णपणे कळू शकतात. म्हणजे 'याचं बोलणं वेगळं आहे' आणि 'याचं बोलणं कळत नाही' ही दोन निरनिराळी वाक्यं आहेत. आपण ती एकाच श्वासात म्हणतो.

आणि एक प्रयोग तर ऐकून मी गप्पच झाले. जॉर्जिया विद्यापीठातल्या डोनाल्ड रुबिन यांचा, १९९२ सालचा. त्यांनी विद्यार्थ्यांना एक ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. आवाज एका अमेरिकन बाईचा, इंग्रजी जन्माची भाषा असलेल्या. काही मुलांना ऐकताना समोर गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. टेप तीच, आवाज तोच. तरी आशियाई फोटो पाहिलेल्या मुलांना बोलणं परक्या धाटणीचं वाटलं. एवढंच नव्हे, ऐकलेलं किती समजलं याच्या चाचणीत त्यांना गुणही कमी पडले. म्हणजे जी धाटणी टेपवर नव्हतीच, ती त्यांना ऐकू आली! मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरोखरच कमी समजलं. 'हे काही आपल्याला कळायचं नाही' असं एकदा मनाने घेतलं की कान दार लावून घेतात. गणिताच्या बाबतीत हे मी पस्तीस वर्षं पाहिलं आहे. आकड्यांची भीती घेऊन बसलेल्या मुलाला सोपी बेरीजसुद्धा ऐकू येत नाही.

हे ऐकून भाचेसूनबाई म्हणाल्या, "म्हणजे दोष मुलांचाच का?" तर नाही. आणि इथेच मला जे म्हणायचं आहे ते आहे.

आपल्याकडे बघा ना. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली काढलं जर्मन जेझुइट पाद्र्यांनी. पहिल्या महायुद्धात त्या जर्मनांना जावं लागलं, मग पुढे स्पॅनिश आले. इतिहासाचे प्रसिद्ध फादर हेरास १९२२ साली आले, तेही स्पेनचेच. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते जॉन विल्सन स्कॉटलंडचे. म्हणजे कोकण-देशावरून मुंबईला गेलेल्या पोरांनी इंग्रजी ऐकलं ते कुठे जर्मन वळणाचं, कुठे स्पॅनिश, कुठे स्कॉटिश. घरात मराठीशिवाय शब्द नाही, आणि समोर हे! पण शिकली. जुनी माणसं हे कौतुकाने सांगतात, 'बघा, तेव्हाची मुलं तक्रार करत नव्हती.'

मला मात्र त्या कौतुकात थोडं वेगळं दिसतं. साहेबाची तक्रार करायची कुणाकडे? साहेबाकडेच! पदवी, पुढची नोकरी, घरच्यांची आशा, सगळं त्या समजण्यावर टांगलेलं. काही जणांचे कान गरजेने तयार झाले. आणि बाकीच्यांचं काय? त्यांनी नोट्स पाठ केल्या असणार, आणि न समजताच 'येस सर' म्हटलं असणार. मला हे कसं माहीत? कारण माझ्या वर्गात मराठीतून शिकवतानासुद्धा निम्मी मुलं न कळताच 'हो बाई' म्हणत होती. त्यांना 'कळलं नाही' म्हणायची सवयच कुणी लावलेली नव्हती. घरी वडिलांना म्हणायची सोय नाही, शाळेत बाईंना नाही. माझ्या नोकरीतली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती असेल, तर मुलांकडून 'कळलं नाही' एवढे दोन शब्द वदवून घेणं.

म्हणून अमेरिकेतल्या मुलांबद्दल 'फार नखरे आहेत यांचे' असं मी म्हणणार नाही. 'मला कळलं नाही' हे त्यांना ताठ मानेने म्हणता येतं, ही मोठी कमाई आहे. फक्त तिथेच थांबून चालत नाही. 'कळलं नाही' या वाक्याला पुढचा भाग असतो – 'काय कळलं नाही?' आणि ते ज्याचं कळलं नाही त्यालाच म्हणायचं असतं. ते पत्र मी पुन्हा वाचायला घेतलं. दीड पान होतं. सरांचे उच्चार कळत नाहीत हे पाच निरनिराळ्या प्रकारांनी लिहिलेलं होतं. नेमका कोणता शब्द, कोणता भाग कळला नाही हे एकदाही नव्हतं. आणि साठ मुलांतलं कुणीही, एकदाही, सरांना जाऊन भेटलेलं नव्हतं. आठवड्यातून दोन तास त्यांचं दार मुलांसाठी उघडं असतं. तिकडची पद्धतच आहे तशी.

मी तिला एवढंच म्हटलं, "बाळा, सही करायची की नाही ते तू ठरव. पण ज्या माणसाला तू 'पुन्हा सांगा' असं एकदाही म्हटलेलं नाहीस, त्याला 'बदला' म्हणण्याआधी एक पायरी मध्ये राहिली आहे असं मला वाटतं."

त्यावर ती म्हणाली, "पण त्यांना वाईट वाटेल ना, 'तुमचं बोलणं कळत नाही' असं तोंडावर म्हटलं तर?"

म्हटलं, "आणि या पत्राने बरं वाटेल?"

त्या रात्री भाचा तिच्याशी बोलला. काय बोलला ते मी ऐकलं नाही, मी झोपायला गेले होते. सकाळी उठले तर टेबलावर रबरबँड पडलेलं होतं.

पुढचं फोनवर कळत गेलं. तिने सही केली नाही. सगळ्या वर्गाने मात्र तिचं ऐकलं असं काही झालं नाही. मूळ पत्र गेलंच, बऱ्याच सह्यांनिशी. तिने आणि आणखी सहा जणांनी दुसरं पत्र सरळ सरांनाच दिलं. त्यात चार मागण्या होत्या. नवे शब्द तासाआधी लिहून मिळावेत, उदाहरणातले आकडे फळ्यावर लिहावेत, यंत्राने उमटवलेली अक्षरं सरांनी किंवा त्यांच्या टी. ए.ने एकदा तपासावीत, आणि मुलांनी मध्येच हात वर केला तर सरांनी थांबावं. सोबत चोवीस शब्दांची यादी, ज्यांत ती मुलं अडकली होती. 'फेअर' पहिला.

सर यादी वाचत राहिले म्हणे बराच वेळ. मग म्हणाले, इतक्या वर्षांत अशी यादी मला पहिल्यांदा मिळाली. लोक मला अभिप्राय देतात, शब्द देत नाहीत.

विभागाने प्रोफेसर बदलले नाहीत. काही मुलं दुसऱ्या तुकडीत गेली. चारांतल्या तीन गोष्टी सरांनी केल्या. अक्षरं तपासायला कुणाला वेळ मिळाला नाही. हिला सत्राच्या शेवटी बी प्लस मिळाला, आधीच्यापेक्षा बरा. अजूनही सरांचे विनोद कळत नाहीत म्हणते. म्हटलं, आमच्या वर्गातही कुणाला माझे विनोद कळत नसत; भाषा एक असून!

त्या यादीचा फोटो तिने मला पाठवला. चोवीस शब्द तिच्या गोल अक्षरात. खाली निराळ्या, तिरक्या अक्षरात आणखी चार शब्द होते – इंटू, अपॉन, झेड, ब्रॅकेट. पुढे साल लिहिलं होतं, १९९४.

हे वाचणाऱ्यांत परदेशी जाऊन शिकवलेले आणि परदेशी शिकत असलेले, दोन्ही असतील हे मला माहीत आहे. आमच्याच घरातले चार-पाच जण आहेत. तुमचे अडलेले शब्द कोणते, ते जरूर कळवा. यादी वाढवायला मला आवडेल. आणि माझं लिहिणं कुठे कळलं नाही तर तेही सांगा, पण कोणता शब्द ते सांगून!